उसना पान्हा

मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर अस्तराचं कापड पसरलेलं होतं. जमुनाबाई दोन लालांमधला फरक दाराकडच्या उजेडात धरून बघत होती, तेवढ्यात मागे कुणाचं तरी मूल रडलं. गोंदियाच्या बाजारात दुपारी बारा वाजता मूल रडणं ही काही मान वळवून बघण्याची गोष्ट नव्हती, आणि तिनं मान वळवलीही नाही. पण तिच्या छातीत आधी डावीकडे, मग उजवीकडे मुंग्या आल्यासारखं झालं. बगलेकडून काहीतरी आतल्या आत पुढे ओढलं गेलं आणि ब्लाउजच्या आत एक ऊब पसरली. घाम असेल, असं तिला वाटलं. पण नोव्हेंबर होता, दुकानात पंखासुद्धा बंद होता. तिनं पदर पुढे घेतला आणि आत हात घालायचं धाडस न करता नुसता दाबून धरला. दुकानदार म्हणाला, "काकी, कौनसा दूँ?" ती म्हणाली, "दोनों दे दो," आणि मापसुद्धा न सांगता बाहेर आली. मागचं मूल एव्हाना गप्प झालं होतं. तिच्या कानात मात्र ते रडणं तसंच चालू होतं, आणि ते कुणाचं आहे हे तिला आता नीट कळत होतं. ते घरी ठेवून आलेल्या नातीचं, नोनीचं होतं.

घराकडे, कुडव्याला जाणाऱ्या ऑटोत ती पिशवी छातीशी धरून बसली. शेजारची बाई अंग चोरून सरकली तेव्हा तिला वाटलं, हिला वास आला असेल. दुधाचा वास लपत नाही. तो आंबूस गोड वास तिला अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा ओळखीचा होता आणि आता तो तिच्याच कापडातून येत होता. तिला पन्नास पूर्ण झाली होती. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, नवऱ्याला, भैयालालला जाऊन सहा. सहा वर्षांत तिच्या अंगाला कुणी विचारलं नव्हतं, तिनंही नाही. सकाळी आंघोळ, कपाळाला गंध आणि मशीनवर बसणं. ब्लाउज शिवायला लागल्यापासून छाती हे तिच्यासाठी माप होतं. बत्तीस, छत्तीस, चाळीस. टेप फिरवायचा, आकडा म्हणायचा, वहीत लिहायचा. नव्या नवरीचा ब्लाउज अंगासरसा, बाळंतिणीचा दोन इंच सैल आणि पुढून उघडणारा, म्हातारीचा कसाही. भरल्या अंगाच्या बाईचं माप घेताना ती मनात म्हणायची, हिच्या लेकरांची चैन आहे. सपाट छातीच्या पोरींची तिला उगाच कीव यायची. स्वतःचं माप तिनं कितीतरी वर्षांत घेतलंच नव्हतं.

नोनी तिच्या मुलाची, धर्मेंद्रची मुलगी. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी सून नीतूला झटके आले, रक्तदाब वर गेला आणि तिला नागपूरला नेलं. तिथं आधी श्वासाच्या मशीनवर आणि मग कसल्याशा इन्फेक्शनमध्ये ती पडून राहिली. धर्मेंद्र राइस मिलमधून सुट्टी काढून तिच्याबरोबर गेला तो तिथलाच झाला. नोनी दोन किलोची. नऊ दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, मग डॉक्टरांनी तिला आजीच्या हातात दिलं, पावडरचा डबा दिला, वाटी-चमच्यानं पाजायचं दाखवलं. घरी दोघीच. नाव ठेवायला आई नाही, म्हणून नुसतीच नोनी, म्हणजे लहान पोर. ती चमच्यानं प्यायची, पण पिऊन झालं तरी तिचं तोंड काहीतरी शोधत राहायचं. बोट, पदराची कड, स्वतःची मूठ. चौदाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ती रडायला लागली ती थांबेचना. खांद्यावर घेतली, झुलवली, पोटाला हिंग लावला. शेवटी जमुनाबाईनं दार लावलं, मशीनमागच्या गादीवर बसली आणि हुक काढले. त्यात दूध असेल असं तिच्या मनातही नव्हतं. रडणं थांबवायचं होतं, एवढंच. नोनीनं तोंडात घेतलं आणि असं ओढलं की जमुनाबाईच्या पाठीच्या मणक्यात कळ गेली. मग घर एकदम शांत झालं. त्या शांततेत तिला कितीतरी वेळ आपण काय करतो आहोत हेच आठवेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दिवसातून सात-आठदा. वाटी-चमच्याचं दूध आधी आणि मग हे. ती स्वतःला सांगायची, चोखणीसारखंच आहे, काय बिघडलं. पण हुक लावताना तिला धर्मेंद्र आठवायचा. सासरी, अर्जुनी मोरगावच्या बाजूला, भाताच्या रोवणीच्या दिवसांत ती चिखलात वाकलेली असायची आणि बांधावरून सासू हाक मारायची, "अवो, पोरगं उठलं." हाक यायच्या आधीच ब्लाउज भिजलेला असायचा, दूध टपटप बांधीच्या, त्या भातखाचराच्या पाण्यात पडायचं आणि बाकीच्या बाया हसायच्या. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि ते हसणं तिला आवडायचं. पहिल्या दोन दिवसांचा पिवळा चीक सासूनं पिळून टाकायला लावला होता, तो वाईट असतो म्हणून. पुढं कधीतरी दवाखान्याच्या भिंतीवर तिनं वाचलं की तोच अमृतासारखा. भिंत वाचून ती तिथंच बाकावर बसली होती. आणि धर्मेंद्र अडीच वर्षांचा असताना त्याला सोडवायचं म्हणून तिनं कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता. त्यानं तोंड लावलं, काढलं आणि तिच्याकडे बघितलं. तो रडला नाही. नुसतं बघितलं. दुसऱ्यांदा त्यानं विचारलंही नाही. त्या बघण्याचं तिनं पुढं काय केलं, कुठं ठेवलं, तिला सांगता आलं नसतं. तीनेक आठवड्यांत छाती सुकली आणि ती शिवणाच्या क्लासला जायला लागली.

जमुनाबाई बाजारात गेली त्या दिवशी नोनीला निर्मलाबाईनं सांभाळलं होतं. निर्मलाबाई गल्लीतच राहायची, सरकारी दवाखान्यात नर्स होती, बाळंतिणींना पाजायला शिकवणं हेच तिचं काम. ब्लाउजचं गिऱ्हाईक म्हणून ओळख झाली आणि ओळखीची मैत्री झाली. जमुनाबाई ऑटोतून उतरून आली, पिशवी खाली टाकली, आणि सांगू की नको असं न करता म्हणाली, "सिस्टर, मले काहीतरी होऊन राहिलं." आणि पदर बाजूला केला. डाव्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग होता, त्याच्या कडा वाळायला लागल्या होत्या.

निर्मलाबाईनं डाग बघितला, नोनीकडे बघितलं. "लावत होतीस हिला?"

"रडे लय. म्हणून."

"किती दिवस?"

"पंधरा-सोळा दिस." मग तिनं मान खाली घातली. "या वयात, बाई. मानुस गेला माहा. लोकं काय म्हनतीन?"

"लोकांना आधी समजायला पाहिजे, मग म्हणतील." निर्मलाबाई हसली नाही, हे जमुनाबाईला बरं वाटलं. ती घरी जाऊन कामावरची पिशवी घेऊन आली. तिच्यात लोकरीचा विणलेला एक स्तन होता, गुलाबी, खरा वाटावा एवढा, आणि एक घडी घातलेलं चित्र. चित्रात आतलं सगळं उघडं होतं. जमुनाबाईला वाटलं होतं, आत एक पिशवी असेल. तिच्या माहेरच्या गावात तलाव होता तसं काहीतरी, भरला की पाट सोडायचा. "तलाव नाही," निर्मलाबाई म्हणाली. "हे बघ. द्राक्षाच्या घडासारखं आहे. या बारीक पिशव्या, याच्यात रक्तातून दूध बनतं. प्रत्येक पिशवीभोवती हे धागे, हे आवळतात. मग या नळ्या, इथं निप्पलकडे. आणि ही सगळी पिवळी आहे ना, ती चरबी. बाहेरून दिसते ती चरबीच जास्त. दूध चरबीत नसतं." जमुनाबाई चित्राकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती चरबीचं माप घेत होती. सपाट छातीच्या किती पोरींना तिनं मनातल्या मनात नापास केलं होतं.

"पण मह्यात आलं कुठून? मह्या पोटात त कोनी नोहतं."

"पोटात असलं की या पिशव्या वाढतात, तयार होतात, हे खरं. तुझ्या एकदा तयार झालेल्या होत्या. बारीक झाल्या, मेल्या नाहीत. ती ओढते, तो निरोप मेंदूखाली जातो, तिथं वाटाण्याएवढी गाठ आहे. ती गाठ दोन औषधं सोडते असं समज. एक दूध बनवायला लावतं. दुसरं हे धागे आवळतं. त्याला पान्हा म्हणतो आपण. हे दुसरं मोठं नाजूक. मूल रडलं की येतं, मुलाचा वास आला की येतं, नुसतं आठवलं तरी येतं. आणि भीती वाटली की अडतं." तिनं चित्राची घडी घातली. "थोडंसंच येईल, तिचं पोट यानं भरणार नाही, पावडर सोडू नको. आणि उद्या माझ्यासोबत ये, रक्त तपासून घेऊ. रिपोर्ट येईपर्यंत लावू नको."

तपासण्या ठीक आल्या. मधले दोन दिवस नोनी मूठ चोखत राहिली आणि जमुनाबाई मशीनवर बसून उगाच पायडल मारत राहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गादीवर बसली तेव्हा तिनं पहिल्यांदाच चोरी केल्यासारखं न वाटता लेकराकडे बघितलं. कपाळावर मऊ लव, टाळूवर धडधड, ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब. तो थेंब तिनं बोटावर घेतला आणि चाखला. गोड होता, पावडरीच्या दुधासारखा नाही, कशासारखाच नाही. तिला आपलं अंग कुणीतरी वापरायला मागितलंय असं वाटलं, आणि ते द्यायला आपल्याकडे अजून आहे याचं हसू आलं. ती एकटीच हसली. शिवायला आलेल्या लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग तसाच होता.

मग धर्मेंद्रचा फोन आला. "माय, डॉक्टरनं सुट्टी देतो म्हनलं. परवा येऊन राहिलो आम्ही." त्याचा आवाज रडवेला होता, आनंदानं. ती म्हणाली, "बरं झालं, बापा. देव पावला." फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालेला नाही. एक पायरी चुकावी आणि पाय पोकळीत पडावा, तसं काहीतरी झालं होतं. नीतू मरावी असं तिला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिच्यासाठी तिनं उपास धरले होते. तरी ही पोकळी खरी होती. ती नोनीला घेऊन बसली आणि स्वतःला म्हणाली, जमुने, हे लेकरू तुहं नोहे. दोनदा म्हणाली. नोनी चोखत होती आणि दूध उतरत नव्हतं. भीती वाटली की अडतं.

नीतू आली ती उतरलेल्या कपड्यासारखी. गळ्याजवळ नळीचा डाग, केस गळालेले, मनगटं काडीएवढी. ती बालाघाटकडची, हिंदीतच वाढलेली, लग्नानंतर चांगलं मराठी बोलायला लागली होती. तिनं नोनीला घेतलं. नोनीनं तिचा वास घेतला, तोंड फिरवलं आणि टाहो फोडला. नीतूनं छातीशी लावून बघितलं. नोनीनं एकदा ओढलं, काही मिळालं नाही, आणि पाठ ताठ करून रडली. "होईल वो," जमुनाबाई म्हणाली, "सवय नाही तिले." आणि तिला झोपवून आणते म्हणून मशीनच्या खोलीत गेली, पडदा ओढला.

असं चार दिवस चाललं. नीतूपाशी रडायचं, पडद्याआड गप्प व्हायचं. सांगायचं कसं हे जमुनाबाईला कळत नव्हतं. जेवताना, सुनेचे केस विंचरताना, गोळ्या देताना ते तिच्या जिभेपर्यंत येई. धर्मेंद्र पुन्हा मिलवर जायला लागला होता, त्याला काही कळलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी पडदा सरकला. नीतू भिंतीला धरून उभी होती. तिनं बघितलं, सगळं, नीट. जमुनाबाईला पदर ओढून घ्यावासा वाटला, पण नोनी पीत होती आणि ओढला असता तर तिचं तोंड सुटलं असतं. तिनं ओढला नाही. नीतूनं पडदा होता तसा लावला आणि निघून गेली.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जमुनाबाई तिच्या खाटेजवळ बसली.

"कधीपासून?" नीतूनं विचारलं.

"तू नागपूरले होती तवापासून."

"दूध येतं?"

"थोडंसं."

नीतूनं चादरीची कड मुठीत धरली. "तिकडे मी शुद्धीवर आले ना आई, तेव्हा छातीवर दगड ठेवलेत असं वाटलं. ताप यायचा. सिस्टर पिळून कापसानं पुसायची, फेकून द्यायची. मी बोलू शकत नव्हते, तोंडात नळी. मला ओरडायचं होतं की फेकू नका, माझी मुलगी आहे. मग दूध आटवायच्या गोळ्या दिल्या, आणि एक दिवस दगड गेले. सगळे म्हणाले, अच्छा हुआ." तिचा आवाज बदलला, लहान मुलीसारखा झाला. "मेरी है ना ये, आई?"

जमुनाबाई उठली, नोनीला घेऊन आली, उशी नीतूच्या पाठीशी लावली. "टेकून बस," म्हणाली. "पाय वर घे. खांदे ढिले सोड, कायले वढून धरले." आणि मग हळू, "मह्या पन्नाशीत आलं. तुहं त वय हाय. पिशव्या मरत नाहीत, बाई. झोपतेत."

निर्मलाबाई रोज संध्याकाळी येऊ लागली. तिनं एक बारीक नळी आणली, वाटीतल्या दुधात तिचं एक टोक आणि दुसरं चिकटपट्टीनं नीतूच्या छातीवर. नोनी ओढायची ती आईला, मिळायचं ते वाटीतलं. तरी पहिल्या दिवसांत ती नीतूकडे जाईना. तेव्हा जमुनाबाई खाटेवर सुनेला लागून बसायची, नोनीला आधी स्वतःकडे लावायची, आणि ती शांत होऊन डोळे मिटून ओढायला लागली की करंगळीनं तिचं तोंड सोडवून, तशीच, झोपेतल्यासारखी, पलीकडे सरकवायची. दोघींच्या मांड्या एकमेकींना लागलेल्या असायच्या. सासू-सुनेत एवढं उघडं काही कधी नव्हतं. पहिल्यांदा दोघी भिंतीकडे बघत राहिल्या. मग एकदा नीतूलाच हसू फुटलं, पोटातलं, दुखरं, आणि जमुनाबाईलाही. नोनी मध्ये दचकली. नीतू म्हणाली, "माझी आई बघेल तर बेशुद्ध पडेल." जमुनाबाई म्हणाली, "पडू दे. तिलेबी पाजू."

नीतूची छाती लहानच होती. जमुनाबाईनं लग्नाचे ब्लाउज शिवताना ती मापं घेतली होती आणि तेव्हा मनात काय म्हटलं होतं ते तिला आठवत होतं. ते तिनं एका दुपारी सुनेला सांगून टाकलं. नीतूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला माहीत होतं. तुमचा चेहरा दिसायचा आरशात."

नवव्या दिवशी निर्मलाबाईनं नळी चिमटीत दाबून बंद केली. वाटीतलं दूध जागचं हललं नाही. नोनी ओढत होती. निर्मलाबाईनं बोट ओठावर ठेवलं, तसं तिघीही श्वास धरून ऐकायला लागल्या. ओढ, ओढ, ओढ, आणि मग घशात एक बारीक आवाज, गिळल्याचा. पुन्हा ओढ, पुन्हा तोच आवाज. नीतूनं डोळे मिटले. पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं, पण ती पुसायला हलली नाही, लेकराचं तोंड सुटेल म्हणून. जमुनाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढायचं विसरली.

त्यानंतरचे दिवस पटापट गेले. नळी सुटली. पावडरचा डबा मात्र अजून लागत होता, दिवसाला दोन-तीनदा. आणि एका सकाळी, नीतू आंघोळीला गेलेली असताना, नोनी कुरकुरली म्हणून जमुनाबाईनं तिला घेतलं. नोनीनं तोंड लावलं, दोनदा ओढलं, सोडलं. मान मागे घेऊन तिनं जमुनाबाईकडे बघितलं. रागानं नाही. ओळखीनं बघितलं, हसल्यासारखं काहीतरी केलं, आणि न्हाणीघरातल्या पाण्याच्या आवाजाकडे मान वळवली. जमुनाबाईनं पुन्हा लावून बघितलं नाही. तिनं हुक लावले आणि लेकराला मांडीवर घेऊन बसून राहिली. हेच व्हायला पाहिजे होतं, याच्यासाठीच तर सगळं केलं होतं.

नोनी आपणहून येत नव्हती आणि जमुनाबाईनं तिला ओढून घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूला बगलेजवळ सुपारीएवढी गाठ आली, लाल, ठणकणारी. ती कुणाला बोलली नाही. येईल तशी जाईल. मशीनवर बसली तर हात उचलवेना, कात्री खाली पडली. नीतू दारात येऊन उभी राहिली. "काय झालं?"

"काही नाही वो."

"आई." नीतू आत आली, पडदा लावला. "दाखवा."

जमुनाबाईला लाज वाटली. इतके दिवस मांडीला मांडी लावून बसली होती तेव्हा वाटली नव्हती तेवढी. नीतूनं स्वतःच हुक काढले. गाठीवर हात ठेवला आणि तिच्या कपाळावर आठी पडली, ओळखीची, आतून माहीत असलेल्या दुखण्याची. तिनं गरम पाण्यात कापड पिळून आणलं, ठेवलं, गार झालं की पुन्हा पिळलं. मग वाटी आणली. निर्मलाबाईनं दाखवलं होतं तसं काळ्या भागामागे अंगठा आणि बोट ठेवून, मागं दाबून, पुढं, हळूहळू, न ओढता. पहिल्यांदा काही आलं नाही. "घाबरू नका," नीतू म्हणाली, "मी आहे ना." जमुनाबाईनं डोळे मिटले. नोनी पलीकडच्या खोलीत झोपेत काहीतरी कुरकुरली, आणि छातीत मुंग्या आल्या, आणि वाटीत बारीक धार पडल्याचा आवाज आला. गाठ मऊ झाली. वाटीच्या तळाला दूध जमलं, निळसर पातळ, फार तर दोन चमचे.

"टाकून दे," जमुनाबाई म्हणाली. "नाहीतर तुळशीले घाल."

नीतू वाटी घेऊन उठली. तुळस मागच्या अंगणात होती, ती तिकडे गेली नाही. तिनं नोनीला उठवलं, मांडीवर आडवी घेतली, आणि चमचा भरून तिच्या ओठांना लावला. झोपेतच नोनीनं जीभ बाहेर काढली, चाखलं आणि तोंड उघडलं. नीतूनं दुसरा चमचा भरला. वाटी तिरकी करून तळाचं उरलेलं बोटानं निपटून तिच्या तोंडात दिलं, आणि मान वर न करता म्हणाली, "उद्या दुखायच्या आधी सांगा, आई."